तलाव बांधून संपत नाही

भंडारा जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात, आणि इथले बहुतेक तलाव माणसांच्या हातचे आहेत. गायखुरीच्या डोंगरपायथ्यापासून चुलबंदच्या काठापर्यंत साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी या तालुक्यांत गावागणिक एखादी पाळ लागते आणि पाळीच्या आत पाणी असते. एकट्या या जिल्ह्यात असे हजाराहून अधिक तलाव आहेत. 1 मे 1999 रोजी वेगळा झालेला गोंदिया आणि शेजारचे चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर हे जिल्हे धरले, तर पूर्व विदर्भातला आकडा साडेसहा हजारांच्या पुढे जातो. यांतल्या माजी मालगुजारी तलावांना, म्हणजे पूर्वी गावाचे मालक असलेल्या मालगुजारांच्या तलावांना, लोक सुटसुटीतपणे मामा तलाव म्हणतात. गेल्या सत्तर वर्षांत यांतल्या कितीतरी तलावांत गाळ भरला, पाळी खचल्या, पोटात अतिक्रमणे झाली, काठाकाठाने बेशरम नावाची वनस्पती माजली. या ऱ्हासाची दोन कारणे नेहमी सांगितली जातात. मालगुजार गेले आणि सरकारला तलाव सांभाळता आले नाहीत, हे एक. विहिरी आणि मोठी धरणे आली, तलावांची गरजच उरली नाही, हे दुसरे. दोन्हींत तथ्य आहे, पण इतके सारे तलाव एकाच दिशेने आणि जवळपास एकाच काळात का बिघडले, याचे उत्तर त्यांत पुरते मिळत नाही. ते उत्तर उष्मागतिकीच्या नियमांत आहे. तलाव ही दरवर्षी श्रम ओतून राखलेली एक स्थिती असते. एकदा बांधून बाजूला ठेवता येईल अशी ती वस्तू नसते. म्हणून भंडाऱ्याच्या तलावांचा इतिहास मालकीच्या कागदांपेक्षा श्रमांच्या हिशेबात शोधला पाहिजे. 1951 साली मालकी बदलली आणि श्रमांची साखळी तुटली. त्यानंतर जे घडले ते निसर्गनियमाला धरूनच घडले.

हिशेबाची सुरुवात पावसापासून करावी लागते. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे 24 लाख जूल उष्णता लागते. समुद्रावर सूर्य ही उष्णता पुरवतो, वाफ वर चढते, उंचावर गार होऊन तिचे ढग होतात, दडलेली उष्णता हवेत मोकळी होते आणि तिच्या एका लहानशा हिश्श्यावर मोसमी वारे चालतात. सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने 1824 मध्ये दाखवून दिले, की उष्णतेतून काम मिळते ते ती गरम जागेकडून थंड जागेकडे उतरताना, आणि सगळ्याच्या सगळ्या उष्णतेचे काम कधीच होत नाही. हे समजावताना त्याने पाण्याच्या पडण्याचेच उदाहरण घेतले होते: जितक्या उंचीवरून पाणी पडेल तितके काम ते करील. भंडाऱ्यात वर्षाला सरासरी 1,300 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. डोंगरावर पडलेल्या पाण्याजवळ थोडी उंची शिल्लक असते. ते आडकाठीशिवाय वैनगंगेला गेले, तर ती उंची खळखळाटात, घासण्यात आणि माती वाहून नेण्यात खर्ची पडते. पाळ त्या उतरणीला मध्येच थांबवते. 20 हेक्टरांचा, सरासरी अडीच मीटर खोलीचा तलाव घ्या. त्यात पाच लाख घनमीटर पाणी मावते. खालची धानाची बांधी त्याहून तीन मीटर खाली असेल, तर त्या पाण्याच्या उंचीत साठलेली ऊर्जा भरते अवघी चार हजार युनिट विजेइतकी. आकडा लहान आहे, पण ही ऊर्जा जशीच्या तशी कामाला येते. तिला इंजिन लागत नाही, इंधन लागत नाही. नहर उघडली की पाणी आपल्या वजनानेच शेतात उतरते.

ही लहानशी उंची हेरणे आणि राखणे ही कोहळी समाजाची विद्या. रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर 1916 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वैनगंगा खोऱ्यातल्या मोठ्या तलावांचे निर्माते म्हणून कोहळ्यांची नोंद आहे आणि ऊस हे त्यांचे आवडते पीक असल्याचेही म्हटले आहे. चांद्याच्या (आजच्या चंद्रपूरच्या) गोंड राजाने काशीयात्रेहून परतताना त्यांना सोबत आणले, अशी परंपरा सांगते. नवेगावबांध, जो 1999 पर्यंत भंडारा जिल्ह्यातच होता, 18व्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचे सांगतात. लोकांनी त्यांना पुढे कोलासुर म्हणून देवपण दिले आणि तलावाभोवतीच्या टेकड्यांना सातबहिणी म्हटले. या आख्यायिकांपेक्षाही महत्त्वाची आहे ती चांद्याच्या गोंड राजवटीतली तुकूम नावाची रीत. राजा हिरशहाच्या नावाने ती सांगितली जाते: जो तळे बांधील, त्याला त्या तळ्याखाली भिजेल तेवढी जमीन. यात श्रम आणि लाभ एकाच गाठीत बांधले होते. पाळ जितकी भक्कम आणि पाणी जितके दूर पोचेल, तितकी जमीन मोठी. पुढच्या वर्षी पाळ फुटली तर नुकसानही त्याचेच. तलाव बांधणारा आणि तो राखणारा माणूस एकच राहील, अशी ही योजना होती आणि झाडीपट्टीत, म्हणजे या पूर्व विदर्भात, शेकडो तलाव उभे राहिले त्यामागे तिचा हात मोठा आहे.

या विद्येचा एक नमुना जवळून पाहण्यासारखा आहे. तलावातून पाणी सोडण्याच्या दाराला इकडे तुडुम म्हणतात. पाळीच्या आतल्या अंगाला, पाण्यातच, एक उभी बांधणी असते. तिला वरपासून खालपर्यंत भोके आणि प्रत्येक भोकात दट्ट्या. आधी सर्वांत वरचे भोक मोकळे करायचे, पाणी त्याच्याखाली उतरले की पुढचे, मग त्याच्या खालचे. पाण्याचा दाब खोलीप्रमाणे वाढत जातो. तीन मीटर खाली असलेल्या हातभर रुंद झाकणावर काही क्विंटलांचा भार येतो आणि एका माणसाला ते उपसता येत नाही. वरून खाली उघडत गेले, तर प्रत्येक दट्ट्यावर जेमतेम कंबरभर पाण्याचा दाब उरतो. शिवाय धारेचा वेग आटोक्यात राहतो, त्यामुळे पाळीखालची माती आणि नहरेचे तोंड खरवडून जात नाही. हवे तेवढेच पाणी, एका माणसाच्या ताकदीत आणि माती न दुखावता, अशी ही रचना आहे. पाऊस जास्त झाला, तर पाळीवरून न जाता एका बाजूच्या कठीण जमिनीवरून वाहून जाण्यासाठी सांडवा ठेवलेला असतो आणि वरच्या तलावाचा सांडवा पुष्कळदा खालच्या तलावाला पाणी देतो. एकाच उतरणीचा उपयोग असा दोनदा, तीनदा होतो. तलाव म्हणजे ओबडधोबड मातीचा ढिगारा असे ज्यांना वाटते, त्यांनी या रचनेतला विचार पाहावा.

आता उष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमाकडे येऊ. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ रुडॉल्फ क्लाउझिउसने 1865 मध्ये एन्ट्रॉपी ही राशी मांडली. तिचा सरळ अर्थ असा, की सुटी सोडलेली व्यवस्था आपोआप विस्कटत जाते आणि ती पुन्हा लावायची तर बाहेरून काम करावे लागते. मातीच्या तलावाला हे अक्षरशः लागू आहे. पहिल्या पावसात डोंगरावरची आणि बांध्यांमधली बारीक माती सुटते, पाण्यासोबत तलावात येते, प्रवाह संथ झाला की तळाशी बसते. तिला उलटे वर नेणारे निसर्गात काही नाही. पाळीत उंदीर आणि खेकडे बिळे करतात, झाडांची मुळे माती फोडतात, लाटा आतला उतार खातात. भरभरून वाहणाऱ्या पावसात एका बिळातून सुरू झालेली पाझर रातोरात भगदाड होते. यांतली प्रत्येक गोष्ट फुकट घडते. उलट दिशेचे प्रत्येक पाऊल मात्र श्रम मागते: उन्हाळ्यात गाळ खणणे, तो बैलबंडीत भरून चढावर नेणे, धुऱ्यांवर आणि बांध्यांत टाकणे, पाळीची बिळे बुजवणे, नहर झाडणे, तुडुमाचे दट्टे बदलणे. गाळाच्या बंडीत तर दोन कामे एकदम होतात. जी सुपीक माती उतारावरून खाली आली तीच परत शेतात जाते, आणि तलावाची खोली भरून निघते. पाण्यासोबत निसटलेले सत्त्व परत वर चढवणारा हा फेरा थांबला, की तलाव उथळ होतो आणि शेत निकस. पन्नास वर्षे गाळ न काढलेल्या तलावाला कोणी शत्रू लागत नाही, फक्त काळ पुरतो.

क्लाउझिउस हे लिहीत होता त्याच दशकात मध्य प्रांतात मालगुजारी जमाबंदी होत होती. 1861 मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला आणि जे लोक नागपूरकर भोसल्यांच्या काळात गावाचा वसूल गोळा करीत त्यांना इंग्रज सरकारने गावाची मालकी दिली. तलावही त्यांच्याच मालकीत गेले. पण गावकऱ्यांचे हक्क पूर्ण पुसले गेले नाहीत. पाणी कोणत्या बांधीला आधी, वाट कुठून, मासळी कोणाची, हे गावरिवाज वाजिब-उल-अर्ज या दस्तात लिहिले जात. या कागदाचे महत्त्व इतके, की महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मध्ये विदर्भासाठी निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज या दोन्हींची तरतूद कायम राहिली. मालगुजाराची स्वतःची सीर आणि खुदकास्त जमीन बहुधा तलावाखालीच असे, म्हणून पाळ टिकवण्यात त्याचा सरळ स्वार्थ होता. रयतेला धानासाठी पाणी हवे असे. मासेमार धिवरांना मासळी आणि शिंगाडा हवा असे. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांनी प्रांत होरपळला, त्यानंतर सिंचन आयोग बसला आणि 20व्या शतकाच्या पहिल्या दशकांत सरकारने चांदपूर, बोदलकसा, चोरखमारा, खैरबंदा असे मोठे तलाव स्वतः बांधले. त्यांच्या देखभालीला खाते होते, नोकर होते, अंदाजपत्रक होते. गावतलावांच्या देखभालीला मात्र गावाचा उन्हाळा होता. मग मध्य प्रदेशाने 1950 मध्ये मालकी हक्क निर्मूलनाचा कायदा केला आणि 31 मार्च 1951 पासून मालगुजाऱ्या संपल्या. तलाव सरकारजमा झाले. 1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्रात, 1962 मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि लहान तलाव त्यांच्याकडे गेले. दर वेळी कागद नव्या हाती गेला. उन्हाळ्यात गाळ कोणी काढायचा, हा प्रश्न एकाही कागदावर उतरला नाही. जुन्या हक्काने मिळणाऱ्या पाण्यावर पट्टी बसवणे अवघड, त्यामुळे या तलावांतून खात्याला उत्पन्न नाही आणि उत्पन्न नाही म्हणून दुरुस्तीला पैसा नाही.

इथे पहिला आणि सर्वांत गंभीर आक्षेप येतो. ज्या श्रमांचा हा गौरव चालला आहे, त्यांतले किती स्वखुशीचे होते? मालगुजारीत वेठबेगार होती. पाळीवर माती टाकणारे हात कुळांचे, मजुरांचे, खालच्या मानल्या गेलेल्या जातींचे होते आणि पहिले पाणी मालगुजाराच्या सीरला जाई. हा आक्षेप पूर्णपणे खरा आहे आणि तो बाजूला सारून तलावांचे गुणगान करणे अप्रामाणिक ठरेल. मालगुजारी गेली हे योग्य झाले. पण या आक्षेपातून मूळ म्हणणे उलट पक्के होते. श्रम कोणीतरी करावेच लागतात, हे निसर्ग ठरवतो. ते जबरदस्तीने करवून घ्यायचे, मजुरी देऊन की वाटून, हे समाज ठरवतो. 1950 च्या कायद्याने जबरदस्ती काढली ही त्याची मोठी कामगिरी आहे. जबरदस्तीच्या जागी न्याय्य व्यवस्था मात्र आणली नाही, ही त्याची उणीव. जुन्या रचनेतला अन्याय आणि जुन्या रचनेतला श्रम एकाच कागदाने रद्द झाले. अन्यायाचा शेवट साजरा करताना श्रमाची रिकामी झालेली जागा भरायला कोणी उरले नाही. म्हणून तलाव बिघडले म्हणजे स्वातंत्र्य वाया गेले किंवा लोक आळशी झाले, हे दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत. लोक तेच होते, पाऊस तोच होता. ज्याला पाणी हवे त्याचा श्रमाशी असलेला संबंध तेवढा तुटला होता.

दुसरा आक्षेप अभियंत्यांचा. उथळ आणि पसरट तलाव म्हणजे पाणी उन्हात वाळत घालणे, असे त्यांचे म्हणणे. आकडे मांडून पाहू. भंडाऱ्याच्या मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो आणि उघड्या पाण्यातून दिवसाला सात मिलिमीटर पाणी सहज उडते. वर घेतलेला 20 हेक्टरांचा तलाव भरलेला असेल, तर एका दिवसात 14 लाख लिटर पाण्याची वाफ होईल. नुकसान मोठे दिसते, पण त्याला दोन उत्तरे आहेत. पहिले असे, की हे तलाव मेमध्ये भरलेले ठेवण्यासाठी बांधलेलेच नव्हते. त्यांचे मुख्य काम सप्टेंबर-ऑक्टोबरातले. रोवणी झाली, धान गर्भावस्थेत आले आणि पावसाने दांडी मारली, तर त्या दोन-तीन आठवड्यांत एक-दोन पाणी देऊन पीक वाचवणे. तेव्हा हवा दमट असते, बाष्पीभवन कमी असते आणि हंगाम संपेपर्यंत तलाव बराच उतरलेला असतो. उतरत्या पाण्यामागे गाळपेर होते, बांधीत लाखोरी आणि हरभरा येतो. दुसरे उत्तर उष्णतेच्या हिशेबातले आहे. ते 14 लाख लिटर पाणी वाफ होताना आसपासच्या हवेतून आणि उन्हातून नऊ लाख युनिटांहून अधिक ऊर्जा शोषून घेते. मघाशी याच तलावाच्या उंचीत जेमतेम चार हजार युनिट सापडले होते. विदर्भाचा उन्हाळा कोरडा असल्यामुळे या बाष्पीभवनाचा गारवा काठच्या गावाला, गुरांना, झाडांना जाणवतो. दमट हवेत मात्र हाच उपाय उलटू शकतो, कारण घाम वाळेनासा होतो. तेव्हा वाफ झालेले सगळे पाणी लाभाचे, असेही म्हणता येत नाही. भंडारा शहरातला खांब तलाव किंवा मिस्किन टँक यांच्याकडे केवळ शोभेची जागा म्हणून पाहणाऱ्यांनी मात्र हा आकडा लक्षात ठेवावा. सिमेंट आणि डांबर दिवसभर ऊन पितात आणि रात्रभर उष्णता सोडतात. पाणी तीच उष्णता वाफेत घालवते. शहरातला तलाव बुजवून तिथे इमारत उभी केली, की हिशेबाची ही बाजूच पुसली जाते.

तिसरा आक्षेप पंपांचा आणि मोठ्या धरणांचा. तलावाच्या उंचीची किंमत चार हजार युनिट असेल, तर पंप निम्म्याहून कमी कार्यक्षमतेने चालला तरी दहा हजार युनिटांत तेवढेच पाणी तेवढेच उचलता येईल. मग पाळी सांभाळण्याचा खटाटोप कशाला? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही, कारण आकडा खरा आहे. पण पंप पाणी उचलतो, साठवत नाही. ज्या विहिरीतून तो उचलतो त्या विहिरीत पाणी येते ते पुष्कळदा वरच्या तलावातून झिरपून. तलाव गाळाने भरला, की झिरप मंदावते, विहीर खोल करावी लागते, उचल वाढते आणि विजेचे बिलही. कोळशावरच्या वीजकेंद्रात उष्णतेच्या सुमारे एक तृतीयांश भागाचीच वीज होते, उरलेली हवेत आणि पाण्यात जाते. म्हणजे तीन मीटरांची आयती उंची गमावून आपण ती महागड्या उष्णतेतून विकत घेतो. गोसीखुर्दचीही गोष्ट अशीच. पवनीजवळ वैनगंगेवरच्या या धरणाची पायाभरणी 22 एप्रिल 1988 रोजी राजीव गांधींच्या हस्ते झाली, मूळ अंदाज 372 कोटींचा होता, 2009 मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला आणि खर्च मूळ अंदाजाच्या कितीतरी पटींनी वाढला. त्याचे पाणी हजारो हेक्टरांना मिळते, ही मोठी गोष्ट आहे. पण नदी हा खोऱ्याचा सर्वांत सखल भाग. तिथे अडवलेले पाणी वरच्या गावांना द्यायचे तर टेकेपार, आंभोरा, नेरला, मोखाबर्डी अशा उपसा योजना लागतात. डोंगराशी असताना ज्या पाण्याजवळ उंची होती, तेच पाणी तळाला पोचल्यावर आपण वीज जाळून पुन्हा वर चढवतो. मोठे धरण नको, असा याचा अर्थ नाही. धरण तलावांच्या जागी बसवता येत नाही, एवढाच अर्थ आहे.

गोसीखुर्दच्या या धरणात आणखी एक हिशेब येऊन मिळतो, तो शहराचा. नागपूर पेंच आणि कन्हानमधून स्वच्छ पाणी घेते. वापरून झालेले पाणी नाग नदीतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला आणि तिथून गोसीखुर्दच्या जलाशयात येते. शहर जिवंत राहते ते बाहेरून नीटस गोष्टी आत घेऊन, म्हणजे पाणी, अन्न आणि वीज, आणि विस्कटलेल्या गोष्टी बाहेर टाकून, म्हणजे सांडपाणी, कचरा आणि उष्णता. यात शहराचा विशेष दोष नाही, प्रत्येक सजीव हेच करतो. दोष येतो तो विस्कटलेले परत लावण्याचे काम न करता ते खालच्या गावावर सोडण्यात. स्वच्छ पाण्यात मैला मिसळायला काहीच लागत नाही, वेगळा करायला यंत्रे, वीज आणि माणसे लागतात. भांडेवाडीच्या केंद्रात शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला दिले जाते, तेव्हा ते काम शहर स्वतः करते आणि नदीतून घ्यावे लागणारे तेवढे ताजे पाणीही वाचवते. जे पाणी शुद्ध न होता वाहते, त्याचे काम भंडाऱ्याच्या पाणीपुरवठ्यावर, नदीकाठच्या शेतकऱ्यांवर आणि मासेमारांवर पडते. गावतलाव आणि महानगर यांच्यावर इथे एकच नियम चालतो: काम टाळले म्हणून ते नाहीसे होत नाही, ते दुसऱ्याच्या अंगावर जाते.

शेवटचा आक्षेप पद्धतीवरचा आहे. एन्ट्रॉपी वाढतेच, हा नियम बंदिस्त व्यवस्थेचा. गाव आणि तलाव बंदिस्त नाहीत. तेव्हा भौतिकशास्त्राचा शब्द समाजाला चिकटवणे ही केवळ उपमा नव्हे का? पहिला भाग बरोबर आहे आणि तोच महत्त्वाचा आहे. तलाव खुली व्यवस्था आहे म्हणूनच तो तीनशे वर्षे टिकू शकला. दर पावसात त्यात गाळ आला आणि दर उन्हाळ्यात माणसांच्या व बैलांच्या ताकदीने तो बाहेर गेला. आत येणारी विस्कळ आणि बाहेर जाणारी विस्कळ यांचा तोल बसला होता. दुसरा भाग मात्र मान्य करता येत नाही. गाळाचे कण, पाळीतली पाझर, वाफेतली उष्णता या उपमा नाहीत, मोजता येणाऱ्या वस्तू आहेत. नियमाची मर्यादा वेगळ्या ठिकाणी आहे. किती काम लागेल हे तो सांगतो, ते कोणी करावे हे सांगत नाही. तुकूम, मालगुजारी, जिल्हा परिषद ही त्या दुसऱ्या प्रश्नाला इतिहासाने दिलेली तीन उत्तरे आहेत. पहिल्यात लाभ आणि श्रम एकत्र होते. दुसऱ्यात लाभ वर आणि श्रम खाली होते. तिसऱ्यात लाभ विखुरला आणि श्रम कोणाच्याच नावावर राहिला नाही. चौथे उत्तर अजून द्यायचे आहे.

ते देण्याची घाई आता अधिक आहे, कारण हवामान बदलाने हिशेबातले आकडेच बदलत आहेत. हवा एक अंशाने तापली, की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावते. त्याचा परिणाम असा, की पाऊस येतो तेव्हा कोसळतो आणि मधल्या उघडिपी लांबतात. कोसळणाऱ्या पावसात गाळ जास्त येतो आणि पाळीवरचा ताण वाढतो. लांबलेल्या उघडिपीत गर्भावस्थेतल्या धानाला तलावाच्या त्या एक-दोन पाण्यांची गरज वाढते. म्हणजे तलावांची गरज आणि त्यांची झीज दोन्ही एकदमच वाढणार. मार्ग अपरिचित नाहीत. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने अर्जुनी मोरगाव परिसरात धिवरांना सोबत घेऊन बेशरम काढली, तलावांत स्थानिक पाणवनस्पती लावल्या, देशी मासे परत आणायचा प्रयत्न केला. ज्यांचा लाभ त्यांचेच श्रम, ही जुनी गाठ तिथे जबरदस्तीशिवाय बांधली गेली. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही 2017 ची योजना गाळाला पुन्हा शेतापर्यंत नेते. रोजगार हमीतून उन्हाळ्यात मजुरी देता येते, आणि 2005 च्या कायद्याने पाणी वापर संस्थांना सिंचन व्यवस्थापनाचा अधिकार दिला आहे. उणीव आहे ती या सगळ्यांना दरवर्षीच्या कामात गुंफण्याची. दहा वर्षांतून एकदा यंत्र लावून तलाव खरवडणे हा उत्सव झाला, देखभाल नव्हे. नेमाने थोडा गाळ काढणारा मजूर तलावाला जितका जगवतो, तितके एका फेरीत येऊन गेलेले पोकलेन जगवत नाही. म्हणून प्रत्येक मामा तलावासाठी वाजिब-उल-अर्जाच्या धर्तीवर एक नवा गावदस्त असावा. पाणी कोणाला हे जसे त्यात लिहिलेले असते, तसे गाळ किती, कधी, कोणाच्या हातून आणि कोणत्या पैशाने निघणार हेही लिहिलेले असावे. मासळीच्या ठेक्यातला वाटा, पाणीपट्टी, रोजगार हमीची मजुरी यांचा हिशेब ग्रामसभेत दरवर्षी वाचला जावा, आणि पाळीवर राबणाऱ्याला मजुरी आणि पाण्यात हिस्सा दोन्ही मिळावेत. हक्कांची नोंद आपल्याकडे दीडशे वर्षांपासून आहे. तिच्या शेजारी श्रमांची नोंद आली, तर भंडाऱ्याचे तलाव पुढची पिढीही वापरील.